घरचं वाक्य

बाई, तुमचा नियम मी माझ्या घरात चालू केला आणि आता मला त्याचीच धास्ती वाटते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगून समजायची नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते. मुलीच्या क्लासचे छापील कागद मागून कोरे असतात. ते मी टाकत नाही, त्यांच्यावर घरखर्च मांडते. हे पत्रही त्यांच्यावरच लिहिते आहे.

अकोल्याच्या शाळेत तुम्ही आम्हाला दहावीला इंग्रजी शिकवायच्या. शब्द आला की त्याचा अर्थ, मग समानार्थी, मग विरुद्धार्थी; इथपर्यंत कोणीही शिकवतं. तुमचं त्यापुढे एक असायचं, घरचं वाक्य. नवा शब्द घालून इंग्रजीत एक वाक्य करायचं, ते आपल्या घरातलं पाहिजे आणि खरं पाहिजे. एका मुलीने राजा फार उदार होता असं वाक्य केलं, तेव्हा तुम्ही खडू खाली ठेवला. "राजा तुझ्या घरी चहा प्यायले येते का? नाही ना, मग त्याले वर्गात काहून आणते?" सगळा वर्ग हसला. मला 'फ्रुगल' आला होता, म्हणजे काटकसरी. मी अडखळत इंग्रजीत म्हटलं की माझी आई काटकसरी आहे, ती झिजलेला झाडू पुन्हा बांधून वापरते. मुली परत हसल्या. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "हे खरं आहे, म्हणून हा शब्द आता तुझा झाला." मॅट्रिकनंतर माझी शाळा सुटली, लग्न झालं, पण तो शब्द माझ्याकडे राहिला.

आता आम्ही बडनेऱ्याला असतो. हे रेल्वेत आहेत. मुलगी बँकेच्या परीक्षेची तयारी करते आणि रोज ऑटोने अमरावतीला क्लासला जाते. क्लासवाले शब्दांच्या मोठाल्या याद्या देतात. संध्याकाळी दिवा लावून झाला की मी भाकरी थापता थापता तिला शब्द विचारते, ती अर्थ सांगते, समानार्थी, विरुद्धार्थी, आणि शेवटी घरचं वाक्य. हे जेवत असतात, सासूबाई बाजेवर माळ ओढत असतात. दोघांनाही इंग्रजी येत नाही. सुरुवातीला मजा यायची. बडबड्या माणसाचा शब्द आला तर पोरीने तो आजीवरच घातला. सासूबाईंची माळ थांबली. "माह्या नावानं काय म्हणून राह्यली वं हे?" मी म्हटलं, "मामीजी, आजी फार मायाळू आहे म्हणते." पोरगी ओढणी तोंडात धरून हसत राहिली. हे म्हणायचे, "घ्या, घरात इंग्रज उतरले. उद्या मले भाकर इंग्रजीत मागावी लागन."

मग एका संध्याकाळी 'पर्सिस्टंट' आला. पिच्छा न सोडणारा. तिने वाक्य केलं की ऑटो स्टँडवरचा माणूस पर्सिस्टंट आहे. मला वाटलं, सवारीसाठी मागे लागणारा कोणी ऑटोवाला असेल. दुसऱ्या दिवशी 'लिंगर'. तो माझ्या क्लासबाहेर रेंगाळतो. त्यानंतर 'डिटर', म्हणजे धाकाने परावृत्त करणं. त्याला कशाचाच धाक बसत नाही. ती हे सगळं कागदावरून बोट न उचलता, मान खाली घालून, पाढे म्हणावेत तशा आवाजात सांगत होती. हे वरणात भाकरी कुस्करत म्हणाले, "शाबास." मी विरुद्धार्थी विचारला, कारण मला दुसरं काही सुचेना.

ती मराठीत का सांगत नाही, हे मला विचारावं लागलं नाही. तिच्या आत्याच्या मुलीला कोणीतरी रस्त्यात अडवलं होतं, तर त्या पोरीचंच कॉलेज बंद झालं आणि वर्षाच्या आत लग्न लागलं. तेव्हा हे जेवताना बोलले होते, "आपल्या घरी असं काही कानावर आलं तर क्लास त्याच दिवशी बंद. मंग कोणी माह्यासमोर रडू नका." हे वाईट माणूस नाहीत, बाई. पोरीची फी कधी चुकू दिली नाही. पण बोलले ते करतात. म्हणून पोरगी बापाच्या ताटासमोर बसून मला सांगत होती, आणि खोटं वाक्य चालत नाही हा नियम तिला मीच शिकवला होता.

या दिवसांत मला सारखा तुमचा एक तास आठवतो. फळ्यावर 'अ‍ॅप्रिहेन्सिव्ह' आहे, काहीतरी वाईट होईल या भीतीत असलेला. आम्ही लाडात येऊन म्हणतो, बाई, आज तुमच्या घरचं वाक्य सांगा. तुम्ही खडू हातात धरून उभ्या आहात, खिडकीकडे बघता, आणि मग फळ्यावर लिहिता की मला घरी जायची भीती वाटते. आम्ही ते वळणदार अक्षरात उतरवून घेतो. पुढच्या बाकावरची एक जण विचारते, "बाई, याचा विरुद्धार्थी?" तुम्ही तोही सांगता. घंटा होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मोठ्या बाईंनी प्रार्थनेला सांगितलं की स्टोव्हचा भडका होऊन तुम्ही गेलात. आम्ही दोन मिनिटं उभ्या राहिलो. तुमच्या घरी गॅस होता. तेही तुम्ही आधी एका वाक्यात सांगितलं होतं.

परवा संध्याकाळी 'असर्टेन' आला. चौकशी करून खात्री करून घेणं. पोरीने अर्थ सांगितला, समानार्थी सांगितला, आणि मग म्हणाली, ही हॅज असर्टेन्ड माय अ‍ॅड्रेस. त्याने माझा पत्ता शोधून काढला. तव्यावरची भाकरी करपली. हे म्हणाले, "मोठा शब्द दिसते हा." मी चिमटा खाली ठेवला आणि म्हटलं, पुढच्या शब्दाचं वाक्य मी करते. पुढचा 'अकंपनी' होता, सोबत जाणं. माझं इंग्रजी मोडकं, तरी म्हटलं, आय विल अकंपनी यू टुमॉरो. तिने पहिल्यांदा मान वर केली. हे हसले, "आता मायही बँकेत लागते का?" मी म्हटलं, "लागली तर तुमालेच आराम. उद्या मी अमरावतीला देवीच्या दर्शनाला जाते, हिच्यासंगं."

काल गेले. दर्शन घेतलं, हात जोडले, आणि देवीपुढे काय मागायचं तेच सुचलं नाही. मुलीला क्लासच्या जिन्यापर्यंत सोडलं आणि खाली उभी राहिले. समोर लिंबाच्या झाडाखाली मोटरसायकलवर एक जण आरसा पुसत होता; जिना चढताना मुलीने नजरेनेच दाखवला तो हाच. चांगले कपडे, कपाळाला गंध. मला वाटलं होतं कोणी टवाळ असेल, हा तर लग्नकार्यात वाढायला उभा राहणाऱ्या पोरासारखा. मी बघते आहे हे त्याने आरशात पाहिलं. उतरून आला आणि वाकून पाया पडला. "मावशी, दर्शन झालं का?" तो हळूच म्हणाला, "उन्हात काहून उभ्या हाय? काकांची आज दुपारची ड्युटी हाय न, घरी आजी एकटीच असन. तुमी जा. पोरीकडे मी लक्ष ठेवतो." त्याचा आवाज इतका आदराचा होता की शेजारच्या चहावाल्याने कौतुकाने पाहिलं.

मी गेले नाही. क्लास सुटेपर्यंत जिन्यावर बसून राहिले आणि तिला घेऊनच घरी आले. ऑटोत ती म्हणाली, "आई, बाबाले सांगू नको. क्लास जाईन माहा." मी तिचा हात धरून बसले. अंधारून आलं होतं. ऑटोच्या मागे मोटरसायकलचा एकच दिवा, वळण आलं तरी तेवढ्याच अंतरावर.

आज मी तिला पाठवलं नाही. सासूबाई सकाळपासून विचारताहेत की पोरगी घरी कशी. आज यांना सांगायचं, मग हे क्लास बंद करोत की घर डोक्यावर घेवोत. आणि हेही सांगायचं की घरी पोरीला नाही बसवायचं, पोलीस ठाण्यात आपल्याला जायचं आहे, मीही येणार आहे. सकाळची पोथीही आज नीट वाचली गेली नाही, ओळींतून हेच वाक्य मध्ये येत होतं. मराठीत कितीदा जुळवलं, पण 'अहो' च्या पुढे जात नाही. शेवटी आधी इंग्रजीत केलं, त्यात एकदाही अडखळले नाही, आणि मग त्याचं मराठी करून पाठ केलं.

घराच्या फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला आहे, बाई. यांची सुट्टी व्हायला अजून वेळ आहे, पण कधी कधी लवकर येतात. रोज आवाज आला की मी सरळ कडी काढते. आज आधी खिडकीच्या फटीतून बघणार आहे, आणि अजून उठले नाही.