काशीची वाकळ

पौष वद्य चतुर्थी, मंगळवार

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काय मी काढली? विहीणबाई मानवतहून सांगून पाठवतात, "आमच्याकडच्या सुईणी मेल्या का?" त्यांचा नवरा तहसिलीत पेशकार, म्हणून लय मिजास. माझी थोरली कृष्णा अशीच सासरी अडली आन् गेली. तवाबी सुईण उशाशी होतीच की. आता धाकट्या काशीचा सातवा महिना सरत आला.

तिच्या लेकरासाठी आज वाकळ शिवून झाली. वाकळ उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून टाके मारले. भाकरीला तूप लावलं, तिथंच चुकलं. चूल पेटवून येते तर मनीनं कोपरा फाडून तुकडा खाल्लेला, आन् मेली वाकळेवरच पसरलेली. हे म्हणाले, "मांजरीचं तरी पोट भरलं." हसू कसं येतं यांना? परत तुकडा घालून शिवला, पण फाटायचा तो कोपरा फाटलाच.

विहीणबाई काशीला धाडायच्या न्हाईत, मला ठावं हाय. तरी यांना बजावलं, उद्या मानवतला जा, त्यांच्या दारात बसा. सोमवारी आठवा लागतो, मग पोरीला गाडीत बसवता येत न्हाई. त्यांना म्हणावं, धाडता का न्हाई, रविवारच्या आत मला जवाब पायजे.