आधीच आभार

१२ एप्रिल १९९९
कुडपणला आमच्या गावात एस.टी.ची गाडी यावी म्हणून केलेला चौथा अर्जही पाण्यात! पूनम आता सातवी पास होईल. पुढची शाळा घाट उतरून खाली. सासूबाईंचं एकच — "गाडी नाय तर शाळा नाय. पोरीला घरात बशीव." बसवत नाही!

२० एप्रिल
पोलादपूरला गेले. टायपिंगवाले सुहासभाऊ म्हणाले, "वहिनी, ह्या खेपेला इंग्रजीत करू. साहेब लोक वाचतात तरी." केला. खाली शेवटी टाइप केलं — थँकिंग यू इन ॲन्टिसिपेशन. विचारलं, हा लांबलचक शब्द कसला?
"काम होणारच असं धरून आधीच आभार. सगळ्या अर्जांत असतं ते."
आधीच? गाडीचं चाक तरी दिसलंय का!
घरी येऊन जुन्या नकला काढल्या. चारही अर्जांखाली — 'आपली आभारी'. माझ्याच अक्षरात! स्वतःचाच राग आला.

२१ एप्रिल
कुडपणला गाडी येऊ दे म्हणून सासूबाईंनी भैरीला नारळ बोललाय. फडताळात ठेवलाय तसाच. काम झालं की फोडणार. देवालासुद्धा नारळ नंतर, आणि साहेबाला आभार आधी? साहेब काय भैरीहून मोठा लागून गेला?

२६ एप्रिल
परत पोलादपूर. ती ओळ काढायला लावली. "उद्धट दिसेल हो," सुहासभाऊ म्हणाले. दिसू दे! त्या जागी लिहून घेतलं — काम झाल्यावर आभार मानायला स्वतः येईन. सही ठसठशीत केली.

३० मे
उत्तर नाही.

११ जून
सोमवारी शाळा. पूनम विचारते, "आई, गाडी येईल ना?" येईल असं धरून बसायचा आता वीट आलाय. म्हटलं, येवो न येवो, तू जायचंस. चालत. मी येते पोचवायला.
सासूबाई चुलीपाशी होत्या. मला म्हणाल्या, "दीड तासाची उतरण हाय गो, आवडे." मी पूनमचं दप्तर भरायला घेतलं.

१४ जून
गाडी नाही आली. पूनमला घेऊन निघाले, तर सासूबाई काठी घेऊन दारात. "तू गुरं बघ. मी जाते."
संध्याकाळी पूनम खोबरं खात आली. आजीने भैरीचा नारळ शाळेच्या पायरीवर फोडला म्हणे.