पाहुणी रुळली

हिबारी वसाहत, टोकियो
१२ जून १९६०

प्रिय तोमिएताई,

तुला आणि आईला नमस्कार. आईचे गुडघे या पावसात दुखत असतील. आम्ही तिघं बरे आहोत. इथे कालपासून उघडीप आहे, त्यामुळे समोरच्या सगळ्या इमारतींच्या कठड्यांवर गाद्या वाळत पडल्या आहेत. एकसारखे मजले, एकसारखी दारं. परवा नोरिए शाळेतून आली ती चुकून शेजारच्या जिन्याने वर गेली आणि परक्या घरात शिरून दूध मागू लागली. त्या बाईंनी दिलंही.

फ्रीज आल्याचं मी मागे कळवलं होतंच. हे ऑफिसातून आले की आधी तो उघडून बघतात. घ्यायचं काही नसतं. "थंड आहे," म्हणतात आणि बंद करतात. सकाळी आम्ही पाव-लोणी खातो, भात फक्त संध्याकाळी. हे आईला वाचून दाखवू नकोस. ती म्हणेल, पाव खाऊन माणूस उभा तरी कसा राहतो.

तुझं पार्सल पोचलं. आंबवलेल्या तांदळाच्या कोंड्यात मुरलेल्या काकड्या आणि वांगी, कोंड्यासकट गुंडाळलेली. आणि तुझं पत्र.

तू लिहिलंस, वादळाच्या पुरात आपल्या गल्लीतल्या सगळ्यांच्या बरण्या वाहून गेल्या, आणि आता बायका आपल्याकडून मूठमूठ कोंडा नेताहेत. किनुकाकू दारातच डोळे पुसत म्हणाली, "इकुयोने शहरात राहून जपला, म्हणून आपल्या भाताला चव आली." शेवटी तू लिहिलंस, "आई म्हणते, इकुयोला कळव, पाहुणी रुळली. कोण पाहुणी, विचारलं तर नुसती हसली. हल्ली आई काहीही बोलते."

ताई, आई उगाच काहीही बोलत नाहीये.

मी पाठवलेला कोंडा आपल्या घरचा नव्हता.

घरचा कोंडा लग्नाच्या आदल्या दिवशी आईने आपल्या बरणीतून काढून मला दिला होता, आजीने तिला दिला तसा. तिच्या निळ्या फडक्यात बरणी बांधताना म्हणाली, "रोज हात घालून ढवळ. चुकलीस की रुसते." जुन्या भाड्याच्या घरात मी खरंच रोज ढवळत होते. मग आम्हाला इथे जागा लागली. अर्ज कितीतरी जणांनी केले होते आणि चिठ्ठी आमची निघाली, म्हणून यांच्या ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं. आपण आता इथे शोभलं पाहिजे असं मला वाटायला लागलं.

आमच्या जिन्यावर कुवाबाराबाई राहतात. त्यांच्याकडे मेज-खुर्च्या आहेत, केस त्या दुकानात जाऊन कुरळे करून घेतात. एकदा मला जिन्यात थांबवून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "इकुयोबाई, जिन्यात वास येतो, तुमच्याकडे काही मेलंय का हो? उंदीर वगैरे? संकोच करू नका, माझ्याकडे औषध आहे."

मी म्हटलं, "हो, उंदीरच असेल."

कोंडा टाकल्याचं यांच्यावर ढकलावं असं आत्ता लिहितानाही मनात आलं. पण यांना तर त्या काकड्या फार आवडायच्या. दुपारी घरात कोणी नसताना मीच केलं. तो नवा संडास, ज्याची साखळी ओढून दाखवायला नोरिए मैत्रिणींना घेऊन यायची, त्यात मी तो डावाने थोडा थोडा टाकला आणि साखळी ओढत राहिले. शेवटी बरणीच्या तळाशी राहिलेला निघेना, तो बोटांनी काढला. आजीच्या आईपासून एका हातातून दुसऱ्या हातात आलेली वस्तू. संध्याकाळी यांना सांगितलं, उकाड्याने खराब झाला. हे रिकाम्या बरणीपुढे क्षणभर मान झुकवून उभे राहिले. आणि मी तिथेच उभी राहून पावाला लोणी लावत होते.

मग या वसंतात तुझं पत्र आलं : आईची बरणी गेली, तुझ्याकडचा मूठभर पाठव, तेवढाच आपल्या घरचा उरला आहे. तेव्हाच लिहायला हवं होतं. मी स्टेशनजवळच्या लोणच्याच्या दुकानातून मूठभर मागून आणला आणि आईच्याच निळ्या फडक्यात बांधून पाठवला. ते फडकं आई ओळखेल आणि आतलं ओळखणार नाही, असं मला वाटलं. आपल्या आईबद्दल असं वाटून घेतलं, याचीच आता सगळ्यात लाज वाटते.

तिने पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. तरी कोणाला काही बोलली नाही. परकी तर परकी, घरात घेतली, रोज ढवळली, रुळवली. गल्लीभर वाटून माझं नाव मोठं होऊ दिलं. आणि मला माझ्याच खोटेपणातल्या काकड्या पाठवल्या.

पार्सल उघडताना मी आधी खिडक्या लावून घेतल्या. हेही लिहिते. अजून माझी तीच सवय आहे.

संध्याकाळी यांनी एक फोड खाल्ली आणि बराच वेळ चावत राहिले. म्हणाले, "आईंच्या घरची चव. तू करायचीस तशीच."

मी यांना सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "म्हणजे मी उगाचच मान झुकवली." हसून म्हणाले, पण नंतर जेवले नाहीत.

ताई, किनुकाकूला तू काही सांगू नकोस. ओबोनला, पितरांच्या सणाला, मी येते आहे, तिच्या दारात उभी राहून मीच सांगेन. ती बोलेल ते ऐकून घेईन. आईला मात्र हे पत्र आजच वाचून दाखव, पावाच्या गोष्टीसकट.

बरणी घासून कठड्यावर उन्हात ठेवली आहे, गाद्यांच्या मधोमध. कुवाबाराबाई खालून ओरडून विचारत होत्या, "हे काय वाळत घातलंय?" मी सांगितलं. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं असेल.

मूठभर मागायलाही जिला तोंड नाही, आणि तरी रिकामी बरणी घेऊन येते आहे, ती तुझी धाकटी

इकुयो