बाहेरून लावलेलं कुलूप

पुष्पांजली सिस्टर,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहून राह्यली.

कोरोनाच्या साली सोनाळ्याच्या शाळेत लस होती. म्हाताऱ्या माणसांले बोलवाले तुम्ही घरोघर फिरत होत्या. गावात एकच वाद होता. कोणी म्हणे घ्या, कोणी म्हणे घेतली का माणूस मरते. तुम्ही दिसल्या का अर्धं गाव वावरात पळे. माह्या सासूले पळता येत नव्हतं. म्हणून मी तिले आत बसवलं, बाहेरून कुलूप लावलं आन् ओट्यावर तांदूळ निवडत बसली.

तेवढ्यात ती आतून खोकलली. तुम्ही विचारलं, "आत कोण हाये?"

मी म्हटलं, "कोणी नाही. बकरी हाये."

तुम्ही कुलपाकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं आन् पुढच्या घरी गेल्या.

दीड महिन्यानं सासूचा दम कोंडला. दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन माणसं होते. तिले जागा भेटली ते तुम्हीच दहा ठिकाणी फोन केले म्हणून. चौथ्या दिवशी ती गेली. तुम्ही मले एका शब्दानं बोलल्या नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सगळ्याइले सांगतलं, बुढीच लसीले भेत होती. अजूनही तेच सांगतो.

त्या दिवशी तुम्ही गल्लीबाहेर गेल्यावर मी कुलूप काढलं. सासू धुतलेलं लुगडं नेसून, आधार कार्ड हातात धरून, दाराकडे तोंड करून बसली होती.

तुमच्याशी खोटं बोललेली,
गीताबाई