जोडाचा माझ्याकडचा तुकडा

प्रिय ताई,
तुझ्या तापट भावाचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. गॅरेजात काम मिळालंय, पोटभर जेवतो. कॉलेजच्या मेसमधली डाळ म्हणजे ताटात सांडलेलं पाणी. हॉस्टेलात गरम पाणी यायचं ते फक्त तपासणीला साहेब आले की. समुपदेशक बाई तर धन्यच! मी म्हटलं, मनात एक मुलगी आहे, झोप लागत नाही. म्हणाल्या, "पोहायला जात जा." तलावात बेडूक पोहतात.

वर्कशॉपमध्ये दोघांनी मिळून लोखंडी जोड करायचा असतो. एकाचा तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसला पाहिजे. माझी जोडीदार तीच. आमचा जोड केसभर हलत नव्हता. तरी मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "काम हिनं केलं, तू नुसता तिच्याकडे बघत बसलास." पोरं हसली. तीही हसली. मी माझा तुकडा खिशात घातला आणि तडक निघालो. थू असल्या कॉलेजवर!

आईचा गुडघा कसा आहे? बाबा मला परत घ्यावं म्हणून कॉलेजात हातापाया पडायला निघाले, तर त्यांना अडव.

नाहीच ऐकलं, तर सोबत पाठवलेला तुकडा त्यांच्याकडे दे. त्याच्याशिवाय तिचं काम तपासणार नाहीत. गंजू नये म्हणून तेल लावलंय. मास्तरांकडे नको, वर्कशॉपात खिडकीजवळच्या टेबलापाशी ती असते, तिच्याच हातात द्यायला सांग. आणि अजून घट्ट बसतो का, तेवढं बाबांनी थांबून बघावं.

तुझाच,
धाकटा