टोकाचा मेतकुटाचा डबा

कलकत्ता, मंगळवार, डिसेंबर १९७८

मी सांगते, नात लिहिते. सूनबाई ऑफिसात संगणकावर काम करते. साहेब म्हणाला, तुमचा प्रोग्राम मोकळी झालेली मेमरी, म्हणजे यंत्रातली जागा, यंत्राला परत देत नाही, उद्या उत्तर द्या. पोरीला जेवण जाईना.

मग तिची नजर फळीवर गेली. घरमालकीण बौदीने, इथे वहिनीला बौदी म्हणतात, मला लागेल तशी पुढे पुढे वापरू दिलेली फळी. टोकाकडून जेवढी मोकळी होईल, तेवढी ती परत घेणार. डबे सगळे रिकामे, टोकाचा मेतकुटाचा तेवढा भरलेला.

"आई, अगदी हेच! जागा परत करायची तर टोकाकडूनच करता येते. टोकाचा डबा भरलेला, म्हणून मधली रिकामी जागाही आपल्याकडेच, पुन्हा भरायला."

काय डोकं! मी इतकी वर्षं नुसती धूळच पुसली का?

"उद्या हा डबाच साहेबापुढे ठेवते."

"मेतकूट वाटीत ने गं बाई. डबा हलला, की बौदी फळी मागेल!"