थंड डोक्याचं बाळ

प्रिय ठकू,

परवा सकाळी ओटा पुसला, दूध उतू जाता जाता वाचवलं, तुमचे कपडे गॅलरीत वाळत घातले आणि फ्रीज उघडला, तर बर्फाचा ट्रे पुन्हा रिकामा. आदल्या संध्याकाळी मीच भरला होता. तू आरशासमोर केस विंचरत होतीस आणि तोंडात कुडुमकुडुम चालू. जावईबापू बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "आई, थंड डोक्याचं बाळ येणार बघा. म्हणजे हिच्यावर जाणार नाही!" तू त्यांच्या पाठीत धपाटा घातलास. मीही हसले, आणि हसता हसताच तुझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

संध्याकाळी जिना चढून आलीस ती कठडा धरून उभीच राहिलीस. ओठ पांढरेफटक. विचारलं तर म्हणालीस, "अगं, डोहाळे आहेत. तू वाचत बसतेस आणि भलतंसलतं मनात आणतेस." तुझ्या कपाटात उशीचे अभ्रे ठेवायला गेले, तर लोहाच्या गोळ्यांची पाकिटं तशीच, एकही गोळी फोडलेली नाही. "मळमळतं गं त्यांनी. घेईन उद्यापासून." हे 'उद्यापासून' तू शाळेतही म्हणायचीस, पण तेव्हा फक्त पाढे राहायचे.

तुझ्या मावशीचा फोटो तू पाहिला आहेस. बाळंतपणात गेली, एवढंच तुला ठाऊक. तिला दिवस गेलेले असताना माझ्या दप्तरातल्या पाटीवरच्या पेन्सिली संपायच्या. ताई कुटुकुटु खायची. मी रडले की आमची आई हसून म्हणायची, "खाऊ दे गं, पोर पोटातूनच लिहायला शिकून येणार." सगळं घर हसायचं. बाबा तिच्यासाठी पेन्सिलींचा वेगळा पुडा आणायचे. सगळ्यांनी कौतुकच केलं, ठकू. जिना चढताना ती अशीच थांबायची. बाळंत होताना रक्त गेलं, तेव्हा तिच्या अंगात आधीच काही शिल्लक नव्हतं. मूलही राहिलं नाही. आई पार खचली, म्हणून घर सांभाळायला माझी शाळा सुटली. पुढचं वाचन मी एकटीनंच, रद्दीतल्या कागदांवर बोट ठेवून केलं. तुझे बाबा गेल्यावर तर तेवढीच सोबत उरली. त्यातच कुठंतरी वाचलं, की अंगात लोह कमी पडलं की बाईला माती, खडू, बर्फ खावासा वाटतो. डोहाळे हा शब्द मला तेव्हापासून गोड लागत नाही.

समोर बोलले तर तू हसशील, आणि त्या हसण्याचीच मला भीती वाटते. म्हणून लिहिलं. आज ट्रे भरलेला नाही. घरात आल्या आल्या तुझा हात तिथंच जाणार, म्हणून हे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यातच ठेवते आहे. रागावलीस तरी चालेल, पण हसू नकोस. मी एकदा ताईला गमावून बसले आहे. परवाची रात्र तुझा श्वास ऐकत काढली. दुसऱ्या दिवशी तू कामाला गेल्यावर मी तुझ्या दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाईंना बर्फाचं सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, घेऊन या, रक्त तपासू, ही गोळी सोसत नसेल तर दुसरी देऊ. मी तुझ्या नावानं उद्या सकाळचा नंबर लावून आले.

तुझ्याच वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई